खाजनाच्या गावांना खुले पत्र: हवामानाची केस घालण्याआधी

प्रति,
खाजन जमीन असलेल्या गोव्यातील सर्व पंचायती, ग्रामसभा, कोमुनिदाद आणि कुळ संघटना

सप्रेम नमस्कार.

२३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपले सल्लागार मत जाहीर केले. हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारीही येऊ शकते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रश्न नेला होता वानुआतू या चिमुकल्या बेटराष्ट्राच्या पुढाकाराने. खाजनाचा, म्हणजे भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून कसलेल्या सखल जमिनीचा, बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले की "आता हवामान बदलाचीच केस घालूया" असे आपल्याकडेही बोलले जाते. त्या बोलण्यामागचा संताप आम्हाला पूर्ण मान्य आहे. केस जरूर घाला. पण ती अमुक सर्व्हे नंबरमधल्या अमुक बांधाची असू द्या, आणि ज्या खात्याने जे काम करायचे होते आणि केले नाही, त्या कामाची असू द्या. हे आम्ही का म्हणतो ते नीट सांगायला हवे, कारण चुकीच्या मथळ्याखाली हरलेली केस त्या गावाला तर भोवतेच, पुढच्या गावाची वाटही अडवते.

जगात अशा खटल्यांची मोजदाद २०१७ मध्ये ८८४ होती, २०२२ च्या अखेरीस २,१८०. त्यातले बहुतेक अमेरिकेतले. आकड्याने हुरळून जाण्यापेक्षा कोण कशामुळे जिंकले आणि कशामुळे हरले, हे पाहणे आपल्या कामाचे आहे.

नेदरलँड्समध्ये उर्गेंडा या संस्थेने ८८६ नागरिकांसह २०१३ मध्ये आपल्याच सरकारवर दावा लावला. २० डिसेंबर २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द दिला: १९९० च्या तुलनेत २०२० पर्यंत उत्सर्जन किमान २५ टक्के घटवा. मागणी एका आकड्याची होती, आणि त्याहून मोठे, ३० टक्क्यांचे उद्दिष्ट सरकारने स्वतःच आधी स्वीकारून नंतर खाली आणले होते. वादींनी सरकारचेच कागद सरकारपुढे ठेवले. तरीही सहा वर्षे गेली.

आपल्याला त्याहून जवळचा खटला लाहोरचा. असगर लेघारी या शेतकऱ्याने २०१५ मध्ये लाहोर उच्च न्यायालयात उत्सर्जनाचा विषयच काढला नाही. देशाने २०१२ मध्ये हवामान धोरण केले, त्याच्या अंमलबजावणीचा आराखडाही केला, पण काम काही झाले नाही, एवढेच त्याचे गाऱ्हाणे. न्यायालयाने प्रत्येक खात्याला जबाबदार अधिकारी नेमायला लावला आणि देखरेखीला आयोग बसवला. २०१८ मध्ये प्रकरण मिटले तेव्हा प्राधान्याची सुमारे ६६ टक्के कामे झाल्याची नोंद होती. गोवा राज्याचाही हवामान बदल कृती आराखडा आहे. त्यात किनारा, शेती आणि पाणी यांसाठी काय लिहिले आहे, ते तुमच्या वकिलाने पहिल्या दिवशी वाचावे.

आता हरलेले. पेरूच्या वाराझ शहरातील शेतकरी साउल लुसियानो ल्युया याने आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर २०१५ मध्ये दावा केला. डोंगरावरचे पाल्काकोचा हिमतळे फुटले तर त्याचे घर जाईल. कंपनीचा जगाच्या औद्योगिक उत्सर्जनातला वाटा अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून संरक्षणाच्या खर्चातलाही तेवढाच वाटा, म्हणजे सुमारे १७ हजार युरो, त्याने मागितला. हाम येथील वरिष्ठ न्यायालयाने २८ मे २०२५ रोजी तत्त्व मान्य केले: मोठा उत्सर्जक दूरदेशीच्या नुकसानीलाही जबाबदार ठरू शकतो. पण दावा फेटाळला, कारण पुढच्या ३० वर्षांत त्या एका घरापर्यंत पूर पोचण्याची शक्यता तज्ज्ञांच्या हिशेबाने १ टक्क्याच्या आसपास निघाली. तत्त्व जिंकले आणि पुराव्याचा शेवटचा टप्पा अडला. हा टप्पा आपल्याकडे बांधाच्या पायथ्याशी येतो.

ऑस्ट्रेलियाच्या टोरेस सामुद्रधुनीतील बेटांची कथा तर खाजनाच्या माणसाने दोनदा वाचावी. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने म्हटले की समुद्रभिंती आणि संरक्षणाची कामे वेळेत न करून ऑस्ट्रेलियाने बेटवासीयांच्या घराचा आणि संस्कृतीचा हक्क मोडला. जुलै २०२५ मध्ये त्याच सामुद्रधुनीतल्या लोकांचा दुसरा खटला ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने फेटाळला. हानी खरी आहे, सरकारी लक्ष्ये विज्ञानाला सोडून होती, हे न्यायाधीशांनी मान्य केले. पण निष्काळजीपणाच्या कायद्याखाली सरकारच्या धोरणावर उपाय देता येत नाही, असे ठरले. पाणी तेच. कोणत्या कायद्याच्या दाराने आत शिरलात यावर निकाल फिरला.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ या एकाच दिवशी तीन निकाल दिले. स्वित्झर्लंडच्या वयस्क महिलांची संघटना जिंकली, पण त्यांच्यासोबतच्या चार महिलांच्या वैयक्तिक तक्रारी ग्राह्य धरल्या नाहीत. पोर्तुगालच्या सहा तरुणांना आधी आपल्या देशातल्या कोर्टात का गेला नाहीत, असे विचारून परत पाठवले. फ्रान्सच्या माजी महापौराची तक्रार, तो आता त्या गावात राहत नाही म्हणून गेली. म्हणून अर्जदार संघटना असावी, तिच्याकडे ठराव असावा, तिचे सभासद आजही तीच जमीन कसत असावेत आणि खालच्या पायऱ्या आधी चढलेल्या असाव्यात.

भारतात हवामान बदलाचा स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ च्या एम. के. रणजितसिंह निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो, असे म्हटले. हे वाक्य प्रत्येक अर्जात येणार, आणि यायलाच हवे. मात्र तो खटला माळढोक पक्ष्याचा होता, आणि त्याच निकालात सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरवरचे वीजवाहिन्यांचे सरसकट निर्बंध सौरऊर्जेसाठी सैल केले गेले, हेही समोरचा वकील सांगेल. हक्क जाहीर होणे आणि तुमच्या बांधाला दगड मिळणे यात पुष्कळ अंतर आहे. २०१७ मध्ये ऋद्धिमा पांडे या नऊ वर्षांच्या मुलीने राष्ट्रीय हरित लवादाकडे देशाच्या हवामान धोरणाबद्दल अर्ज केला होता. लवादाने जानेवारी २०१९ मध्ये तो निकाली काढला: पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनात हवामानाचा विचार होतोच, वेगळा आदेश नको. व्यापक मागणीला असेच व्यापक उत्तर मिळते.

आणि आपल्या घरचा दाखला मोपाचा. पेडण्यातील विमानतळाच्या पर्यावरण दाखल्याविरुद्ध हनुमान आरोसकर सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने दाखला स्थगित केला. कारण अगदी कोरडे होते: अर्जाच्या पहिल्या नमुन्यात परिसरातील वने आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती दडवली होती. तपशिलाच्या त्या एका रकान्यावर एवढा मोठा प्रकल्प थांबला. १६ जानेवारी २०२० रोजी वाढीव अटी घालून, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला देखरेखीला ठेवून स्थगिती उठली. तेव्हा ग्रामसभेत लोकांना आधीच सांगा की कोर्ट बहुधा प्रक्रिया दुरुस्त करायला लावते, प्रकल्प मिटवत नाही.

आता मुदतीचे. इथे सर्वांत जास्त अर्ज मरतात. हरित लवाद कायदा, २०१० च्या कलम १४ खाली तक्रारीचे कारण "प्रथम" उद्भवल्यापासून ६ महिने, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस. भरपाई किंवा जमीन पूर्ववत करून मागायची तर कलम १५, मुदत ५ वर्षे आणि वर तेच ६० दिवस. एखाद्या दाखल्याविरुद्ध अपील कलम १६ खाली ३० दिवसांत, जास्तीत जास्त ९०. एक्याण्णवाव्या दिवशी लवादालाही माफीचा अधिकार नाही. हवामान बदल हळूहळू येतो आणि कायदा "प्रथम कधी" असे विचारतो, ही खरी अडचण. "गेली पंधरा वर्षे समुद्र चढतो आहे" असे अर्जात लिहिलेत तर मुदत आपणच संपवलीत. "१२ जूनच्या उधाणात बांध ८ मीटर फुटला, १४ तारखेला अर्ज दिला, खात्याने काही केले नाही" असे लिहिले तर घड्याळ बांध फुटल्याच्या तारखेपासून चालते. अर्थात तारीख खरी आणि कागदावर असली पाहिजे.

दार कुठले, हाही प्रश्न आहे. लवाद फक्त त्याच्या अनुसूचीतील ७ कायद्यांबद्दल ऐकतो: जल, जल उपकर, वन संवर्धन, हवा, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा आणि जैवविविधता. वन्यजीव कायदा त्यात नाही. कूळ कायदाही नाही. खाजनात मातीचा भराव टाकला, खारफुटी तोडली, मानशीचे (भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराचे) पात्र बुजवले, तर तो पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या किनारी नियमन क्षेत्राचा भंग. त्यासाठी पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे जा. या क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे: खाजनाचा व्यवस्थापन आराखडा करा आणि खाजनात विकासकामे करू नका. अर्जाच्या दिवशी कोणती अधिसूचना आणि कोणता किनारी आराखडा लागू आहे, ते मात्र तपासून घ्या. केवळ "खात्याने बांध दुरुस्त केला नाही" एवढीच तक्रार असेल तर पर्वरीच्या उच्च न्यायालयात कलम २२६ चा रिट अर्ज योग्य. तिथे न्यायालय पहिला प्रश्न विचारेल: लेखी मागणी केली होती का, आणि नकार कधी मिळाला? मागणी आणि नकार नसेल तर काम करण्याचा आदेश मिळत नाही. शिवाय दोन्ही बाजू वेगवेगळ्या घटना सांगू लागल्या की उच्च न्यायालय साक्षीपुराव्यात शिरत नाही, दिवाणी कोर्टाकडे बोट दाखवते. म्हणून सरकारचेच कागद हवेत. माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील. मागायचे काय? त्या बांधाच्या गेल्या १० वर्षांतील पाहणीचे अहवाल, अंदाजपत्रके, मंजुऱ्या आणि मामलेदारांचे पंचनामे. "सर्व माहिती द्या" असे लिहिले तर काहीच हाती लागत नाही.

सर्वांत अवघड मुद्दा कारणाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. बांध का फुटतो? उधाणाची पातळी वाढली म्हणून. पण खेकड्यांच्या बिळांनीही फुटतो. बार्जच्या (मालवाहू नौकांच्या) लाटांनी पायथ्याचा जांभा निखळतो. बांधावर खारफुटी रुजली की मुळांतून पाणी वाट काढते. मासळीसाठी रात्री मानशीचे दार अडकवून उघडे ठेवले तर भरतीचा जोर सरळ आतल्या पोंयीवर (खाजनातल्या पाण्याच्या चरावर) येतो आणि बांध आतून खचतो. चिखल आणि पेंढ्याचा गाभा वर्षानुवर्षे भरलाच नाही तर तो बसतो, माथा खाली येतो, आणि मग साधी अमावास्येची भरतीही त्यावरून वाहते. जागतिक समुद्रपातळी १९०१ ते २०१८ मध्ये सरासरी ०.२० मीटर चढली. २००६ नंतरचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर. हे आकडे निर्विवाद आहेत, पण बांधाचा माथा देखभालीअभावी अर्धा मीटर बसला असेल तर समोरचा वकील तेवढेच दाखवेल आणि खटला तिथेच संपेल. उलट बाजूनेही धोका आहे. तुम्ही सगळे हवामानावर टाकलेत तर खाते म्हणेल, समुद्र चढतो आहे, त्याला आम्ही काय करणार? जबाबदारी झटकायला याहून सोयीचे वाक्य नाही, आणि ते आपणच त्यांच्या हाती देऊ नये. अर्जात मांडणी अशी हवी की पाणी चढते आहे हे खात्याला ठाऊक आहे, म्हणूनच देखभालीचे कर्तव्य पूर्वीपेक्षा कडक झाले आहे.

यासाठी मापे लागतात. मानशीच्या बाहेर आणि आत एकेक पट्टी रोवा, सेंटिमीटरच्या खुणांची, आणि दर अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला दोन्हींवरची पातळी वहीत लिहा. पट्टीचा शून्य आणि बांधाचा माथा मोजणीदाराकडून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पक्क्या खुणेशी जोडून घ्या. ते केले नाही तर तुमची वही मुरगावच्या भरतीमापकाच्या नोंदींशी ताडून पाहता येत नाही आणि दोन वर्षांची मेहनत फुकट जाते. माथ्याची उंची दर २० मीटरवर, वर्षातून एकदा, पावसाआधी.

मातीचे नमुने त्याच सर्व्हे नंबरमधून, ० ते १५ सेंटिमीटर खोलीवरून, पाच जागांचे मिसळून घ्या. संपृक्त अर्कातील विद्युतवाहकता (म्हणजे मातीतल्या मिठाचे माप) ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की माती क्षारयुक्त समजतात. जुने गोव्यातील एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. नमुना कसा घ्यावा हे तिथल्या शास्त्रज्ञांना आधी विचारा. काळाची चूक इथे हमखास होते. पावसाळ्यात खाजनातले मीठ धुऊन जाते, कोरगूट भात त्याच आधारावर पिकते. ऑगस्टचा नमुना माती निरोगी दाखवतो आणि खाते नेमका तोच पुढे करते. मे महिन्यातला आणि कापणीनंतरचा, असे दोन नमुने दरवर्षी हवेत, आणि शेजारच्या न फुटलेल्या बांधामागचा एक, तुलनेला.

फोटो काढाल तर मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोतून वेळ आणि जागेची माहिती गळून पडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलचा हॅश क्रमांक (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारी खूण) असतो. लवाद पुराव्याच्या कायद्याने बांधलेला नाही हे खरे, पण प्रकरण पुढे कुठे जाईल हे आज सांगता येत नाही. एक-चौदाचा (जमिनीच्या हक्काचा आणि लागवडीचा) उतारा, नकाशा आणि नुकसानीचा पंचनामा त्याच फाइलमध्ये लावा. दिलेल्या प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

धोके उघड बोलू. कुळ संघटनांनो, कूळ कायद्याखालचे १९७५ चे नियम कुळांच्या संयुक्त जबाबदारीचेच आहेत. बांध राखणे तुमचेच काम होते, हे सरकारचे पहिले उत्तर असेल. मानशीच्या मासळीच्या लिलावाचे पैसे किती आले आणि त्यातले किती बांधावर गेले, याचा हिशेब तयार नसेल तर कोर्टात जाऊ नका. आधी हिशेब लावा. पंचायतींनो, खाजनात भरावाकडे डोळेझाक केली असेल किंवा बांधकाम परवाना दिला असेल, तर अर्जात तुम्ही प्रतिवादी व्हाल. अर्जदार म्हणून उभे राहण्याआधी आपले परवान्यांचे दप्तर चाळा.

पैशाचे गणित असे. भरपाई न मागता लवादाकडे जाण्याची फी १,००० रुपये आहे. भरपाई मागितली तर रकमेच्या १ टक्का. ५० लाख मागितले तर ५० हजार. कायद्याच्या कलम २३ खाली अर्ज खोटा किंवा त्रास देण्यासाठी केलेला ठरला तर खर्च बसतो, आणि अंतरिम स्थगितीमुळे समोरच्याचा बुडालेला फायदाही त्यात धरता येतो. म्हणून स्थगिती मागताना जेवढे काम थांबायला हवे तेवढ्यापुरतीच मागा.

बदनामीच्या दाव्यांपासूनही जपा. अमेरिकेत तेलवाहिनीविरोधी आंदोलनावरून २०२५ मध्ये नॉर्थ डकोटाच्या ज्युरीने ग्रीनपीसवर ६६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम बसवली. न्यायाधीशांनी ती पुढे जवळपास निम्मी केली, तरी आकडा थरकाप उडवणारा आहे. आपल्याकडे अशा गळचेपी करणाऱ्या दाव्यांविरुद्ध वेगळा कायदा नाही. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने धामरा बंदराच्या वादात टाटा सन्सला ग्रीनपीसविरुद्ध मनाई हुकूम नाकारला, तो आधार उपयोगी पडतो. पण पत्रकात आणि फेसबुकवर तेवढेच लिहा जेवढे फाइलमध्ये आहे.

आणि मागणी विचारपूर्वक लिहा. "बांध पक्का करा" एवढेच मागितले तर काँक्रीटची भिंत मिळू शकते. ती मऊ चिखलावर तडकते, तिच्या पायथ्याची माती लाटेने धुपते आणि मानशीचा ताळमेळ बिघडतो. मातीचा गाभा, जांभ्याचे अस्तर, माथ्याची ठरलेली उंची, मानशीची दारे आणि वार्षिक देखभालीचे वेळापत्रक, असे शब्द मागणीत असू द्या. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. एका गावाला मिळालेला नीट आदेश बाकीच्या गावांना जसाच्या तसा पुढे ठेवता येईल, आणि चुकीचा आदेशही त्यांच्यापुढे तसाच ठेवला जाईल.

येत्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा खाली देत आहोत. सर्व्हे नंबर, तारखा आणि मापे भरून घ्यावीत.

"ही ग्रामसभा ठराव करते की सर्व्हे क्रमांक ____ येथील खाजन बांध दिनांक ____ रोजी ____ मीटर फुटून ____ हेक्टर शेतीत खारे पाणी शिरले. कृषी संचालनालयाचा मृद संधारण विभाग आणि मामलेदार यांनी ३० दिवसांत संयुक्त पाहणी करून पंचनामा द्यावा, ६० दिवसांत दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजूर करावे आणि बांधाची उंची ठरवताना मुरगाव येथील भरतीच्या नोंदी विचारात घ्याव्यात. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास तो नकार समजला जाईल आणि सक्षम न्यायालयात अर्ज करण्याचे अधिकार ____ यांना राहतील."

ठरावाची प्रत दोन्ही कार्यालयांत द्या, आवक क्रमांक घ्या, आणि बांध फुटल्याच्या तारखेपासूनचे ६ महिने कॅलेंडरवर मोजून ठेवा.

आपले,
खाजन आणि किनारी कायद्याच्या कामात असलेले काही वकील, कृषितज्ज्ञ व जलअभियंते